केळ्याचं साल डोंगरावर टाकलं तर बिघडलं कुठे?

पहिल्या पावसानंतर डोंगर हिरवे व्हायला लागले, की या सदराकडे भटक्यांची पत्रं येऊ लागतात. यंदाच्या पत्रांत 'प्लास्टिक टाकलं तर चालेल का' असं कुणीच विचारलेलं नाही. ते टाकू नये हे सगळ्यांना पाठ आहे. (जे टाकतात ते पत्रं लिहीत नाहीत, हा भाग वेगळा.) प्रश्न आले आहेत ते निरुपद्रवी वाटणाऱ्या, कधी तर पुण्याचं काम म्हणून केल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल. ते महत्त्वाचे वाटले म्हणून आजचं सगळं सदर सह्याद्रीतल्या भटकंतीला दिलं आहे. उत्तरं वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात : असं करणारे आपण किती जण आहोत, कोणत्या जागी करतो आहोत आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात. डोंगराला आपला हेतू कळत नाही. त्याला हे तीनच कळतात.

प्रश्न : केळ्याची सालं, संत्र्याची सालं, अंड्यांची टरफलं हे सगळं कुजणारंच आहे. झुडपात टाकलं तर खतच होईल. मग ते पिशवीत भरून घरी का आणायचं? (डोंबिवलीचे एक वाचक)

उत्तर : कुजतं हे खरं. पण कुजायला ओल लागते, माती लागते आणि त्या मातीत जिवाणू, बुरशी, गांडुळं लागतात. घरामागच्या खड्ड्यात हे सगळं हजर असतं. गडावर आपण डबा उघडतो तो बुरुजावर, कड्याच्या काठाला किंवा माथ्यावरच्या मोकळ्या जागेत, आणि तिथे खाली बहुधा उघडा कातळ असतो. दिवाळीनंतर तो तापायला लागतो. त्यावर पडलेलं साल कुजण्याऐवजी वाळतं, काळं आणि चिवट होतं आणि तसंच पडून राहतं. संत्र्याच्या सालीत तेल असतं, त्यामुळे मुंगी-किडाही तिच्या वाटेला लवकर जात नाही. अंड्याचं टरफल तर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्याच जातीचं.

बरं, ते कुजलं नाही आणि कुणी खाल्लं तर? तो जास्त मोठा घोटाळा आहे. माकडं आणि वानरं माणसांच्या बसायच्या जागा लक्षात ठेवतात. आज साल उचलणारं माकड उद्या हातातली पिशवी ओढतं, आणि मग 'माकडांचा उपद्रव' अशी बातमी होते. कुत्र्यांचंही तसंच. पायथ्याच्या गावातलं कुत्रं आपल्या मागोमाग थेट माथ्यापर्यंत येतं, ते आपल्या प्रेमापोटी असं आपण समजतो. त्याला ठाऊक असतं, की वर बिस्किटं फुटतात. पण गवताळ माथ्यावर टिटवी, चंडोल, लावे अशा पक्ष्यांची घरटी जमिनीवरच असतात. माथ्यावर अन्नाचा वास असला, की कुत्री आणि कावळे तिथे रेंगाळतात आणि अंडी-पिल्लं त्यांच्या तावडीत सापडतात. आपण फक्त केळं खाल्लेलं असतं.

तिसरी गोष्ट बियांची. टोमॅटो, मिरची, पपई यांच्या बिया उष्ट्या अन्नाबरोबर मुक्कामाच्या जागी पडतात आणि रुजू शकतात. खालच्या परसातलं झाड वरच्या माथ्यावर आलं, तर ते तिथल्या कुणाची तरी जागा घेणारच.

आणि शेवटी हिशेब. समजा, पावसाळ्यातल्या एका रविवारी एखाद्या नावाजलेल्या गडावर पाचशे माणसं चढली आणि प्रत्येकानं एकच साल टाकलं. ती पाचशे सालं डोंगरभर विखरून पडत नाहीत. बसायला सोयीच्या आठ-दहा जागांवरच पडतात. म्हणून नियम सोपा ठेवावा : जे घरून पाठीवर वर गेलं, ते सगळं खाली येणार. जाताना केळी सोलून डब्यात नेली, अंडी घरीच सोलली, चिवडा डब्यात भरला, तर परत आणायला फारसं उरतही नाही.

प्रश्न : आमचा गट दर पावसाळी ट्रेकला सीडबॉल घेऊन जातो आणि उघड्या पठारांवर फेकतो. एका जाणकारांनी 'हे थांबवा' असं सांगितलं. झाडं लावण्यात चूक काय? (पुण्याच्या एक वाचक)

उत्तर : जाणकारांचं म्हणणं बरोबर आहे. कारण ज्याला आपण 'उघडं' म्हणतो ते पठार उजाड नसतं.

सह्याद्रीच्या माथ्यावरची आणि कोकणातली कातळाची पठारं, म्हणजे आपले सडे, झाडं तुटल्यामुळे मोकळे झालेले नाहीत. कितीतरी ठिकाणी वर जांभा आहे आणि त्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर. पावसाळ्यात तिथे पाणी साचून मुळं गुदमरतात आणि एप्रिल-मे महिन्यांत तोच कातळ तव्यासारखा तापतो. वर्षाचे आठ महिने काही दिसत नाही आणि चार महिन्यांत सगळं उरकायचं, अशा रीतीनं जगणाऱ्या वनस्पतींचं ते घर आहे. साताऱ्याजवळचं कास पठार घ्या. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना २०१२ साली युनेस्कोनं जागतिक वारसा मानलं, त्यांत कास आहे. तिथे सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. सीतेची आसवं आणि दवबिंदू या तिथल्या वनस्पती किडे पकडून खातात, कारण त्या मातीत पोषणच तुटपुंजं आहे. अशा जागी मोठं झाड रुजलंच, तर ते सावली पाडतं, पाला गाळतं, माती सकस करतं. ज्यांची सगळी घडण भुकेल्या मातीसाठी आणि भरउन्हासाठी झाली आहे, ती छोटी झाडं मग मागे हटतात.

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, तिचं शास्त्रीय नावच 'सेरोपेजिया अंजनेरिका'. रत्नागिरीच्या सड्यांवर पांढऱ्या फुलांची दीपकाडी आहे, ती कोकणाबाहेर मिळत नाही. शिवसुमन हे मांसल खोडाचं छोटं फुलझाड महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवरच आढळतं. यांना आपण लावलेल्या झाडाची गरज नाही, आपण न लावलेल्या झाडाची आहे.

त्यातून सीडबॉलमध्ये बिया कसल्या असतात? सहज मिळतात त्या : गुलमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, बाकीचे दोन मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. मातीच्या गोळ्यात बी घालण्याची ही पद्धत जपानच्या मासानोबू फुकुओका यांनी आपल्या शेतीत वापरून जगभर पोहोचवली. ती शेतासाठी होती आणि कोणतं बी कुठे टाकायचं, हे त्यांनी जमीन पाहून ठरवलेलं होतं.

तुमच्या गटाच्या उत्साहाला काम हवंच असेल, तर खाली भरपूर आहे. पायथ्याच्या गावानं परवानगी दिली तर तिथे दहाच देशी रोपं लावा आणि पुढचे तीन उन्हाळे त्यांना पाणी घालायला जा. वनखात्याला विचारून वाटेकडेची घाणेरी, रानमोडी उपटायला मदत करा. देवराई असेल तर तिला हात न लावणं हेही काम समजा. आणि डोंगराकडे निघण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून धुवा, मोज्यांतली कुसळं काढून कचऱ्याच्या डब्यात टाका. गाजर गवत आणि मेक्सिकोहून आलेला पिवळा कॉसमॉस ज्या अनेक मार्गांनी डोंगरावर चढू शकतात, त्यांत आपले चिखलाचे बूटही आहेत. हेही न कळत टाकलेले सीडबॉलच.

प्रश्न : वाटेवर चिखल असला की मी कडेच्या गवतावरून चालतो. वाट मोडत नाही आणि बूटही स्वच्छ राहतात. बरोबर करतो ना? आणि जिथे वाटच नाही तिथे एका रांगेत चालावं की पांगून? (कोल्हापूरचे एक वाचक)

उत्तर : दोन प्रश्न आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांची उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत.

जिथे मळलेली वाट आहे तिथे चिखलातून, मधोमधच चालायचं. आपण चिखल टाळून कडेनं गेलो की कडेचं गवत दबतं, तिथेही चिखल होतो. मागून येणारा आणखी कडेला सरकतो. ऑगस्ट संपेपर्यंत दोन फुटांच्या वाटेचा दहा फुटांचा राडा झालेला असतो. चिखल बुटाला लागतो तो घरी धुता येतो. गवताची मुळं निघून गेली, की पुढच्या सरीत तिथली माती खाली जाते. ती परत चढत नाही.

शॉर्टकटही यातच आले. डोंगरावरची जुनी वाट नागमोडी का असते? चढणाऱ्याचा दम राखायला, तसंच पाण्याचा वेग मोडायला. वळणं तोडून सरळ खाली उतरलं की आपण पाच मिनिटं वाचवतो आणि पाण्याला सरळ धावायची जागा करून देतो. पहिल्या वर्षी ती पायवाट दिसते, काही पावसाळ्यांनी तिथे घळ पडते आणि घसारा मोकळा होतो. मग गावातली माणसं, जी त्याच वाटेनं गुरं घेऊन वर जातात, त्यांना दुसरी वाट शोधावी लागते.

आता जिथे वाटच नाही तिथलं. माणसांच्या चालण्यानं वनस्पतींवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार आढळली आहे : बहुतेक नुकसान पहिल्या काही पावलांतच होतं. त्यानंतर आणखी शंभर जण त्याच जागेवरून गेले तरी भर थोडीच पडते. म्हणून मळलेल्या जागी सगळ्यांनी एकाच वाटेनं जाणं फायद्याचं, कारण तिथे जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. अस्पर्श जागी मात्र वीस जण एकामागोमाग गेले तर नवी वाट पडते, आणि पडलेली वाट पुढच्या गटाला बोलावते. तिथे पांगून, आणि शक्यतो उघड्या कातळावर पाय ठेवत जावं. त्याहून चांगलं म्हणजे गट मोठा असेल तर अशा जागी जाऊच नये. कोलोरॅडोत १९९४ साली उभी राहिलेली 'लीव्ह नो ट्रेस' ही संस्था जी सात तत्त्वं शिकवते, त्यांतलं दुसरं तत्त्व नेमकं हेच सांगतं.

सड्याबाबत एक पुरवणी. कातळावर चालायचं, पण कातळातल्या उथळ पाण्यात नाही. आपल्याला ते डबकं वाटतं. आंबोलीच्या जांभ्यावरचा एक छोटा भेक, ज्याची स्वतंत्र ओळख २००९ साली मांडली गेली, अशाच वीतभर पाण्यात अंडी घालतो. तो आंबोलीच्या परिसराबाहेर फारसा कुठे सापडत नाही. एका बुटानं त्याचा अख्खा हंगाम संपू शकतो.

प्रश्न : हा प्रश्न कुणी उघडपणे विचारत नाही म्हणून विचारते. गडावर मुक्काम असताना शौचाला कुठे जायचं? आणि मासिक पाळी असेल तर पॅडचं काय करायचं? (ठाण्याच्या एक वाचक)

उत्तर : विचारलंत ते बरं केलंत. गडांवरच्या घाणीतला मोठा भाग याच न विचारलेल्या प्रश्नाचा आहे.

जगभर सांगितला जाणारा नियम असा : पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून किमान साठ मीटर, म्हणजे साधारण ऐंशी पावलं दूर जायचं. लहान खुरप्यानं वीतभर खोल खड्डा करायचा आणि नंतर मातीनं बुजवायचा. वरच्या थरात जिवाणू जास्त असतात, म्हणून त्याहून खोल खणण्यात फायदा नाही.

पण हा नियम सह्याद्रीच्या माथ्यावर जसाच्या तसा चालत नाही, कारण वीतभर मातीच नसते. म्हणून आपल्यासाठी थोडे बदल. पहिला, चढण्यापूर्वी पायथ्याच्या गावातच, विचारून, काम उरकून घ्या. दुसरा, वर वेळ आलीच तर माथ्यावर न थांबता झाडीच्या टप्प्यात, पालापाचोळ्याची माती असेल तिथे जा. तिसरा, टाक्याच्या वरच्या अंगाला कधीही नाही. गडावरची बरीच टाकी आजूबाजूच्या कातळावरून वाहत येणाऱ्या पावसाच्या पाण्यानं भरतात. म्हणजे टाक्यापासून ऐंशी पावलं लांब असूनही तुम्ही त्याच्या पाणलोटात असू शकता. बसण्यापूर्वी उतार कुठे जातो ते बघा.

टॉयलेट पेपर परत आणायचा. ओले वाइप्स तर आणायचेच, कारण त्यांतल्या बऱ्याच जातींत प्लास्टिकचे धागे असतात. सॅनिटरी पॅडच्या मागच्या थरात प्लास्टिक आणि आत ओल शोषणारं रसायन असतं. ते पुरून जिरत नाही आणि शेकोटीत नीट जळतही नाही. कागदात गुंडाळून, झिपच्या गडद पिशवीत, मग डब्यात, असं ठेवलं तर वास येत नाही आणि संकोचही वाटत नाही. गट नेणाऱ्यांनी अशी पिशवी प्रत्येकाच्या सामानाच्या यादीतच लिहावी. मग कुणाला विचारावं लागत नाही.

प्रश्न : टाक्यात पोहलं, किंवा वनस्पतीपासून बनवलेल्या साबणानं भांडी घासली तर चालेल का? (नाशिकचे एक वाचक)

उत्तर : नाही आणि नाही. कातळात खोदलेलं टाकं वाहतं नसतं. ऑक्टोबरात त्यात जे पाणी आहे, त्यावरच पुढचा जून गाठायचा असतो. त्यात आपल्या अंगावरचा घाम, मलम, कपड्यांतला साबण उतरला तर तो बाहेर जायला वाट नाही. बाटलीवर 'नैसर्गिक' किंवा 'विघटनशील' लिहिलेला साबणही मातीत पडला तरच नीट विघटित होतो. पाण्यात तो साबणच राहतो. पाणी भांड्यात काढून घ्यावं, लांब मातीवर जाऊन राखेनं किंवा मातीनं भांडी घासावीत. कोणत्या टाक्याचं पाणी पिण्याचं आणि कोणतं नाही, हे गावातल्या माणसाला विचारावं.

शिवाय टाकं ही वास्तू आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात १२ किल्ले आहेत, ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत. राजगड, लोहगड, साल्हेर, शिवनेरी हे आपले नेहमीचे ट्रेक त्यांत आले. टाकी साफ करण्याची हौस असलेल्या मंडळांनाही म्हणून एक विनंती : पुरातत्त्व खात्याची परवानगी घेतल्याशिवाय गाळ उपसू नका. त्या गाळात खापरं, नाणी, तोफगोळे असू शकतात, आणि ते कोणत्या थरात सापडले यालाच इतिहासात किंमत असते.

प्रश्न : जूनमध्ये काजवे बघायला जाणार आहोत. टॉर्च न्यावा का? (मुंबईच्या एक वाचक)

उत्तर : न्यावा, वाटेवर पायाखाली धरावा आणि काजव्यांच्या झाडाजवळ पोहोचल्यावर बंद करावा.

काजव्यांचा लखलखाट हे त्यांचं बोलणं आहे. अनेक जातींत नर उडत उडत ठरावीक लयीत चमकतो आणि मादी गवतातून किंवा झुडपातून चमकून होकार देते. प्रौढ काजव्याला त्यासाठी मिळतात मोजके दिवस. आयुष्याचा मोठा भाग त्यानं अळी म्हणून जमिनीवर गोगलगायी खात काढलेला असतो. त्या मोजक्या रात्रींत गाड्यांचे दिवे, मोबाइलचे फ्लॅश आणि टॉर्च यांनी रान उजळलं, तर होकार दिसतच नाही. वाट सोडून झाडाखाली गर्दी केली, तर गवतातल्या माद्या पायाखाली येतात.

भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत मे-अखेर ते पावसाचा जोर वाढेपर्यंत हा खेळ चालतो. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यालगतचा, काही भाग अभयारण्यातलाच. त्यामुळे वनखात्याचे त्या वर्षीचे नियम आधी विचारून घ्या. उजेड असतानाच पोहोचा, गाडी गावात ठेवा, टॉर्चला लाल पारदर्शक कागद लावा. काजवा बाटलीत धरू नका. आणि एक अपेक्षा घरीच ठेवून जा : समाजमाध्यमांवर झाडभर सोन्याची रांगोळी दिसते, ते बहुधा अनेक फोटो एकावर एक चढवून केलेलं चित्र असतं. डोळ्यांना तसं दिसणार नाही. वेगळं दिसेल : चमक एका फांदीवरून दुसरीकडे सरकताना दिसेल, आणि ते फोटोत येत नाही.

प्रश्न : ट्रेकवर ड्रोन आणि छोटा स्पीकर नेला तर त्रास कुणाला होतो? वर तर कुणीच नसतं. (पिंपरीचे एक वाचक)

उत्तर : वर पुष्कळ जण असतात, फक्त ते तक्रार करायला येत नाहीत. कड्यांच्या कपारीत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असतात. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा त्यांचा वीण काढण्याचा काळ, आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधानं ही जात जवळजवळ संपवली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण वर्षाला एक अंडं या गतीनं संख्या भरून निघायला किती काळ लागेल, याचा हिशेब करा. ड्रोन किंवा दोरावरचा माणूस घरट्याजवळ आला आणि पक्षी उडाला, तर ते अंडं उन्हात उघडं पडतं.

दुसरा शेजारी म्हणजे आग्या मोहोळ. धूर, उग्र अत्तर, गोंगाट, भिरकावलेला दगड यांतलं काहीही त्यांना उठवू शकतं, आणि कड्यावरच्या अरुंद वाटेवर माणसाला पळायला जागा नसते. या बाबतीत निसर्गप्रेम नसलं तरी चालेल, जिवाची काळजी पुरे.

प्रश्न : दगडांवर दगड रचून छोटे मनोरे करायला मला आवडतं. हे तरी निरुपद्रवी आहे ना? (साताऱ्याच्या एक वाचक)

उत्तर : तुम्ही साताऱ्याच्या, म्हणून तुमच्याच जिल्ह्याचं उदाहरण देतो. चाळकेवाडीच्या पठारावरच्या एका पालीला २००८ साली शास्त्रज्ञांनी साताऱ्याचं नाव दिलं. तापलेल्या पठारावर अशा जीवांना सुटा दगड हेच छप्पर असतं. त्याखाली ओल असते, सावली असते, विंचू, पाली, किडे असतात. दगड उचलला की छप्पर गेलं. आणि त्याखाली फुरसं असेल, तर छंद महागात पडतो, ते वेगळंच. शिवाय धुक्यात वाट दाखवायला कुणी रचलेले दगड आणि तुमचा मनोरा यांतला फरक चुकलेल्या माणसाला कळत नाही.

प्रश्न : थंडीतल्या मुक्कामात शेकोटी हवीच. वाळलेलीच लाकडं घेतली तर? (नगरचे एक वाचक)

उत्तर : गावातल्या अंगणात, यजमानांच्या चुलीच्या जागी, त्यांच्या लाकडांवर खुशाल शेकोटी करा. गडावर नको. डिसेंबरनंतर गवत वाळलेलं असतं, माथ्यावर वारा असतो आणि वणवा लागायला एक ठिणगी पुरते. वणव्यात मरतं ते रानच नव्हे, गावकऱ्यांनी गुरांसाठी राखलेलं गवतही. वाळलेलं म्हणून कारवी मोडत असाल, तर ती खरंच मेलेली आहे का ते आधी बघा. कारवी सात-आठ वर्षांत एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. सहाव्या वर्षी तोडलेली कारवी कधीच न फुलता गेली. थंडीसाठी एक जादा स्वेटर घ्या, तो कमी वजनाचा असतो.

प्रश्न : आम्ही सगळा कचरा खाली आणून पायथ्याच्या गावातल्या कुंडीत टाकतो. एवढं पुरे ना? (बोरिवलीचे एक वाचक)

उत्तर : तुम्ही शंभरांतले नव्वद गुण मिळवलेत. उरलेले दहा त्या कुंडीपाशी जातात. बोरिवलीत रोज कचऱ्याची गाडी येते. पायथ्याच्या वाडीत बहुधा येत नाही. आपण टाकलेल्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं तिथे साचतात. मग संध्याकाळी कुणीतरी त्यांना काडी लावतं आणि तो धूर त्याच घरांत शिरतो. आपण डोंगर साफ केला आणि गाव घाण केलं, असा त्याचा अर्थ. कचरा शहरातून आला असेल तर शहरातच परत न्यावा. पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याऐवजी घरून भरून आणाव्यात, म्हणजे मुळात कचराच कमी.

गावाला द्यायचं असेल तर दुसरं काही द्या. वाटाड्या गावातला घ्या, जेवण गावातल्या घरी सांगा आणि पिठलं-भाकरीचे पैसे घासाघीस न करता द्या. डोंगरावर येणाऱ्या माणसांमुळे घरात पैसा येतो, असं दिसलं तर डोंगर राखायला गावासारखा राखणदार नाही. जुलैत भातलावणी झालेली असते, तेव्हा फोटोसाठी खाचरात उतरू नका आणि बांधावरून वीस जण चालू नका. बांध फुटला की पाणी जातं आणि रोपांचं नुकसान होतं. करवंदं, जांभळं वाटेवरची असली तरी कुणाच्या तरी टोपलीतली असू शकतात. आधी विचारावं.

प्रश्न : मी ट्रेक नेतो. हे सगळं गटाला सांगायला गेलो की लोक म्हणतात, 'आम्ही एन्जॉय करायला आलोय, लेक्चर नको.' काय करू? (पुण्याचे एक वाचक)

उत्तर : वर गेल्यावर सांगू नका, निघण्यापूर्वी ठरवा. माणूस दमलेला, भिजलेला, भुकेला असताना त्याला नियम सांगितला की तो उपदेश वाटतो. तोच नियम नावनोंदणीच्या वेळी सामानाच्या यादीत लिहिला, तर ती व्यवस्था वाटते. यादीत तीन ओळी घाला : खाऊ डब्यात आणा, स्वतःचं ताट-वाटी आणा, कचऱ्याची एक रिकामी पिशवी आणा. गट पंधरा-वीसच्या वर जाऊ देऊ नका. मागणी जास्त असेल तर दोन वेगळ्या दिवशी न्या, जमलं तर एक दिवस शनिवार-रविवार सोडून ठेवा. सर्वात मागे चालणाऱ्याकडे कचऱ्याची मोठी पिशवी द्या आणि तो मान दर वेळी वेगळ्या माणसाला द्या. ज्यानं एकदा दुसऱ्यांनी टाकलेली पाकिटं वाकून वाकून उचलली, त्याला पुढच्या ट्रेकला काही सांगावं लागत नाही.

एखादं दुर्मीळ फूल किंवा घरटं दिसलं, तर फोटो जरूर टाका, पण जागेचा नेमका नकाशा टाकू नका. डोंगराचं नाव पुरे. आणि नियम का, असं कुणी विचारलं तर 'निसर्गाचं रक्षण' असे मोठे शब्द न वापरता नेमकं कारण सांगा : ही माती बोटभर आहे, हे पाणी जूनपर्यंत पुरवायचं आहे, हे गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. कारण कळलं की हसणारेही ऐकतात, आणि त्यातला एखादा पुढच्या वर्षी स्वतःच गट घेऊन निघतो.